पोहरादेवीचे तिकीट

१६३२ साली पीटर मंडी नावाचा एक इंग्रज व्यापारी आग्र्याहून पाटण्याला निघाला होता. वाटेत त्याला बंजाऱ्यांचा तांडा भेटला. चौदा हजार बैल, त्यांच्या पाठीवर धान्याच्या गोणी आणि बैलांबरोबर चालणारी अख्खी वस्ती, बायकापोरांसकट. मंडीने हे सगळे टिपून ठेवले. त्याच शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या तॅव्हेर्निये दहा-बारा हजार बैलांच्या काफिल्यांविषयी लिहितो. अरुंद वाटेवर असा काफिला समोरून आला की तो सरकेपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागते, असे त्याचे गाऱ्हाणे आहे. परदेशी पाहुण्याने इथल्या वाहतुकीविषयी केलेल्या जुन्यातल्या जुन्या तक्रारींत ही धरायला हरकत नाही. गाडी लेट आहे ही कुरकुर पुष्कळ नंतरची.

मुलूखभर माल वाहून नेणाऱ्या या समाजाची काशी म्हणजे वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले पोहरादेवी. इथे जगदंबेचे मंदिर आहे, संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. शेजारीच उमरी आहे, तेही समाजाचे श्रद्धास्थान. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबर कर्नाटक, तेलंगणा, आंध्र, मध्य प्रदेशातले तांडे इथे लोटतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नंगाऱ्याच्या आकाराची ती इमारत उभी राहिल्यापासून पोहरादेवीचे नाव समाजाबाहेरही गेले. साहजिकच परदेशात स्थायिक झालेली बंजारा कुटुंबे, त्यांची तिकडेच जन्मलेली मुले आणि भटक्या समाजांचा अभ्यास करणारे गोरे पाहुणे एकच प्रश्न विचारू लागले आहेत : इथे रेल्वेने यायचे तर तिकीट कुठले काढायचे?

सरळ उत्तर एवढेच की पोहरादेवीचे तिकीट नाही, कारण पोहरादेवीला स्थानक नाही. पण या उत्तरामागे दीड-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो थोडा वाकडा आहे. त्या काळात तिकीट प्रवाशाच्या जवळ जवळ येत गेले. आधी स्थानकाच्या खिडकीत, मग मुंबईच्या पेढीत, मग लंडनच्या एजंटाकडे आणि शेवटी जगात कुठेही बसलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये. गाडी मात्र पोहरादेवीच्या परिसरात आली, काही दशके रेंगाळली आणि परत गेली.

परंपरेनुसार सेवालाल महाराजांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ चा. आजच्या कर्नाटकातल्या दावणगेरे जिल्ह्यात सूरगोंडनकोप्प येथे त्यांचे जन्मस्थान मानले जाते. १७७३ मध्ये दिग्रसजवळच्या रुईला त्यांनी देह ठेवला आणि समाधी पोहरादेवीला झाली. कर्नाटकापासून वऱ्हाडापर्यंतचे हे अंतर आज कुणी ‘तीर्थयात्रा’ म्हणेल, पण लदेणीच्या धंद्यात असलेल्या तांड्याची ती नेहमीची वाट होती. धान्य आणि मीठ बैलांवर लादायचे, जिथे टंचाई आहे तिथे न्यायचे, परतताना तिकडचा माल भरायचा. मुक्काम पाण्यावर आणि चाऱ्यावर ठरे. नायकाने ‘उठा’ म्हटले की तांडा उठे. वेळापत्रक होते ते पावसाळ्याचे.

या वाहतुकीची खरी किंमत लढायांच्या वेळी कळायची. १८०३ च्या मराठे-इंग्रज युद्धात आर्थर वेल्स्लीच्या फौजेला धान्य पुरवण्याचे काम बंजाऱ्यांच्या तांड्यांकडे होते. असई झाली, मग वऱ्हाडातले अडगाव, मग डिसेंबरात गाविलगड. सैन्य पुढे सरकते ते पोटावर, आणि ते पोट भरणारी माणसे बहुतेक इतिहासांच्या तळटिपांत सापडतात. वेल्स्लीच्या पत्रव्यवहारात मात्र त्यांचा उल्लेख पुनःपुन्हा येतो, तोही बऱ्याचदा काळजीच्या सुरात : तांडे वेळेवर येतील ना?

वऱ्हाडचा कापूससुद्धा याच पाठींवरून जाई. रेल्वेपूर्वी तो बैलांवर लादून थेट मिर्झापूरला पोचवला जात असे. तिथून गंगेच्या पात्रातून पुढे. मुंबईच्या वाटेवर अवकाळी पावसाने गाठले तर गोणीतला कापूस भिजायचा, मातायचा, बैल चिखलात रुतायचे. लँकशायरच्या गिरणीवाल्यांचा जीव त्याने वर-खाली होई. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. या दोन घटना एकाच वर्षी व्हाव्यात हा योगायोग असेल, पण पुढच्या पंधरा वर्षांत त्या एकमेकींत गुंतल्या. अमेरिकेत १८६१ ला यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. जीआयपी रेल्वेने भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूर गाठले. १८७० मध्ये खामगावला आणि त्यानंतर लगेचच अमरावतीला कापसाच्या बाजारापर्यंत स्वतंत्र फाटे टाकले गेले.

लदेणी त्यानंतर उभी राहिली नाही. वऱ्हाडात पोलीस अधिकारी असलेल्या कंबरलेज या इंग्रजाची तिथल्या बंजाऱ्यांवरची एक पुस्तिका १८८२ मध्ये छापली गेली. तिच्यात धंदा बुडालेला समाज स्पष्ट दिसतो : कुणी गुरे राखतो, कुणी शेतीकडे वळलेला, कुणावर पोलिसांची नजर. पुढे रसेलने मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात याच पुस्तिकेचा भरपूर आधार घेतला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरणाऱ्या माणसाचे फिरणेच संशयास्पद ठरवले. तो कायदा जाऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. म्हणजे ज्या काळात रेल्वे बाकीच्या हिंदुस्थानाला ‘तिकीट काढा आणि कुठेही जा’ म्हणत होती, त्याच काळात मुलूखभर चालणाऱ्या अनेक जमातींना गाव सोडायला पोलिसपाटलाला विचारावे लागत होते. रेल्वेच्या कौतुकाचे जे इतिहास लिहिले जातात, त्यांत ही बाजू क्वचित येते.

आता तिकिटाकडे वळू.

रेल्वेबरोबर जो पुठ्ठ्याचा तुकडा आला, त्याचा जनक टॉमस एडमंडसन. मूळचा सुतारकाम करणारा हा माणूस इंग्लंडमध्ये एका लहान स्थानकावर स्टेशनमास्तर झाला. हाताने पावत्या लिहिण्याला कंटाळून त्याने १८३० च्या दशकाच्या अखेरीस छापील, अनुक्रमांक घातलेली तिकिटे काढली. जेमतेम सव्वादोन इंच लांब आणि सव्वा इंचाहून किंचित कमी रुंद. खिडकीतला बाबू लाकडी कप्प्यातून खालचे तिकीट ओढायचा, लोखंडी यंत्रात सारायचा, ‘खट्’ आवाज होऊन कडेला तारीख उमटायची. क्रमांकामुळे दिवसाअखेर किती विकली ते लगेच कळे आणि बाबूच्या खिशात काही जाणार नाही याची थोडीफार खातरजमा होई. हीच तिकिटे हिंदुस्थानात विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत आणि काही ठिकाणी त्यानंतरही चालली. जुन्या प्रवाशांच्या पेटीत अजून एखादे सापडते, मधोमध भोक पडलेले.

पण हे तिकीट ज्या स्थानकावरून निघायचे तिथेच मिळे. साहेब लंडनहून बोटीने मुंबईला येणार आणि त्याला नागपूरला जायचे आहे, तर त्याने काय करायचे? इथे टॉमस कुकची पेढी आली. धाकटा कुक, जॉन मेसन, स्वतः हिंदुस्थान पाहून गेला आणि १८८१ मध्ये मुंबईत कुकचे कार्यालय उघडले. लंडनमध्ये बसून हिंदुस्थानी रेल्वेची कुपने विकत घ्यायची, ती इथे दाखवायची, असा तो प्रकार. वेळापत्रकासाठी कलकत्त्याच्या न्यूमन कंपनीचे ‘इंडियन ब्रॅडशॉ’ होते. १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने हज यात्रेकरूंच्या वाहतुकीचे कामही कुककडे दिले. मुंबई बंदरात आणि जेद्दात यात्रेकरूंची जी लूट चाले, तिला आळा घालायचा हेतू होता. रेल्वे आणि आगबोट यांची सांगड घालून यात्रेकरूला आधीच तिकीट देण्याचा तो मोठा प्रयोग. तोट्यात गेला आणि १८९३ मध्ये संपला. तरी एक गोष्ट त्यातून दिसली : दूरच्या तीर्थाला जाणाऱ्या साध्या माणसालाही घरून निघताना सगळी तिकिटे हातात हवी असतात. साहेबालाच तेवढी ती सोय लागते असे नाही.

वऱ्हाडात यानंतरची गोष्ट ‘शकुंतला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेल्वेची.

किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि अडीच फुटी नॅरोगेज रूळ टाकायला घेतले. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, कारंजा आणि दारव्हा यांवरून. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर. शिवाय पुलगाव-आर्वीचा ३५ किलोमीटरचा तुकडा. दारव्ह्याहून पुसदकडे जाणारा एक फाटाही पुढे झाला, तो नंतर उखडला गेला. पोहरादेवीच्या भाविकाच्या दृष्टीने पाहिले तर रेल्वे त्याच्या इतकी जवळ तेव्हाच आली होती. कारंजा आजच्या वाशीम जिल्ह्यातच आहे आणि दारव्ह्याहून दिग्रसची वाट फार लांबची नाही.

मात्र ही गाडी भाविकांसाठी नव्हतीच. इथे बार्शी लाइट रेल्वेची आठवण येते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने उभारलेली ती रेल्वे याच अडीच फुटी मापाची. १८९७ मध्ये ती बार्शीला पोचली आणि १९०६ मध्ये पंढरपूरला. तिच्या उत्पन्नात वारकऱ्यांचा मोठा वाटा होता, आषाढी-कार्तिकीला मालडब्यांतूनसुद्धा माणसे नेली जात. पंढरपूरला विठोबा होता, यवतमाळला कापूस. शकुंतलेचे रूळ जिनिंगच्या गावांना शिवत गेले. पोहऱ्याची देवी त्या नकाशात कुठे नव्हती. बंजारा समाज गरीब होता, पायी आणि बैलगाडीने येत होता, त्याच्या यात्रेचा हिशेब कुणा कंपनीने मांडल्याचे दिसत नाही.

शकुंतलेचे वैशिष्ट्य तिच्या कागदपत्रांत आहे. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, जीआयपीची मध्य रेल्वे झाली, पण हा मार्ग त्या यादीबाहेर राहिला. गाड्या चालवायच्या सरकारी रेल्वेने, मालकी खासगी कंपनीची, असा करार पुढेही चालू राहिला. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत तिथे राबले. सत्तर वर्षे! त्यानंतर डिझेल आले. शेवटच्या काळात संपूर्ण मार्गाचा कारभार मूठभर माणसे पाहत. गार्ड उतरून तिकिटे विकायचा, पुन्हा चढून गाडी सोडायचा. गाडी इतकी सावकाश की अचलपूरहून यवतमाळला जायचे तर जवळजवळ अख्खा दिवस मोडे. या गाडीचे आगाऊ तिकीट काढण्याची कल्पनाच कुणाला सुचली नसती. लंडनहून तर नाहीच नाही. गार्डसमोर उभे राहावे, पैसे द्यावेत, बसावे. गेल्या दशकात आधी यवतमाळची आणि नंतर अचलपूरची गाडी बंद झाली. रूळ आहेत, काही ठिकाणी झुडपांखाली.

देशभराची रेल्वे मात्र या काळात उलट्या दिशेने निघाली होती. परदेशी पाहुण्यासाठी तिने खास दालन उघडले, कारण त्याच्याकडे डॉलर होते. इंडरेल पास हा त्याचा ठळक नमुना. अर्ध्या दिवसापासून नव्वद दिवसांपर्यंत मुदत, किंमत डॉलरमध्ये, घेणारा परदेशी किंवा अनिवासी भारतीय. लंडनच्या वेम्बली भागातल्या एजंटाकडे हा पास मिळायचा आणि तोच इथल्या गाड्यांतल्या जागाही राखून द्यायचा. नवी दिल्ली स्थानकात परदेशी पर्यटकांसाठी वेगळे कार्यालय, मुंबईत सीएसटीला आणि चर्चगेटला वेगळ्या खिडक्या. तिथे रुपयांत पैसे द्यायचे तर डॉलर अधिकृतपणे मोडल्याची पावती दाखवावी लागे. २०१७ मध्ये इंडरेल पास बंद झाला.

हे काही भारतानेच केले असे नाही. युरेल पास १९५९ पासून युरोपाबाहेरच्या प्रवाशांनाच मिळतो. खुद्द फ्रेंच वा जर्मन माणसाला तो घेता येत नाही. त्यांच्यासाठी १९७२ मध्ये इंटररेल वेगळा निघाला. १९८१ चा जपान रेल पास तर अनेक वर्षे जपानबाहेरूनच विकत घ्यावा लागे. हातात मिळायची ती हुंडीसारखी चिठ्ठी, जपानच्या स्थानकात ती देऊन खरा पास घ्यायचा. पाहुण्याला स्वस्त आणि घरच्याला महाग, असा हा सगळा उलटा व्यवहार परकीय चलनासाठी होता.

गंमत अशी की ज्या वर्षांत भारतीय रेल्वे परदेशी पाहुण्याच्या डॉलरसाठी स्वतंत्र खिडक्या मांडत होती, त्याच वर्षांच्या आगेमागे परदेशी निघालेल्या मराठी माणसाला विमानतळावर आठ डॉलर घेऊन जाता येत. आठ! युरोपातली रेल्वे पाहायची तर तिकडे कुणी नातेवाईक किंवा यजमान हवा, किंवा पास इथूनच रुपयांत घेतलेला हवा. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली. ही मर्यादा आज अडीच लाख डॉलर आहे. मराठी पर्यटन कंपन्यांच्या युरोप सहलींना गर्दी झाली ती याच काळात, आणि त्यातल्या अनेकांना स्वित्झर्लंडच्या डोंगरातली गाडी ठाऊक होती ती १९९५ च्या एका हिंदी सिनेमामुळे.

आज दिग्रसच्या एखाद्या मुलीला पॅरिस ते झुरिकचे तिकीट काढायचे असेल तर दिग्रस सोडायची गरज नाही. अडचण येते ती भलत्याच ठिकाणी. २०२० पासून नव्या भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ते स्वतः सुरू करावे लागतात. २००९ पासून आपल्याकडे कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना दुहेरी पडताळणी सक्तीची आहे, म्हणून आपल्याला ओटीपीची सवय. परदेशी साइटवर कधी ओटीपी येतो, कधी येतच नाही आणि पैसे जातात, मग पोटात गोळा येतो. दुसरा फरक भाड्याचा. युरोपातल्या वेगवान गाड्यांचे भाडे विमानासारखे बदलते, लवकर काढले तर स्वस्त. आपल्याकडे बहुतेक गाड्यांचे भाडे ठरलेले, अडचण जागेची. तिकडचा प्रवासी विचारतो, केवढ्याला पडेल? आपला विचारतो, कन्फर्म होईल का? वेटिंग लिस्ट म्हणजे काय, पैसे भरूनही जागा नाही असे कसे, हे परदेशी माणसाला समजावून सांगणे हे प्रत्येक अनिवासी कुटुंबातल्या काकांचे ठरलेले काम.

आपली वेटिंग लिस्ट संगणकावर गेली ती १९८० च्या दशकाच्या मध्यावर. दिल्लीत १९८५ मध्ये संगणकीय आरक्षण सुरू झाले, नंतर मुंबईत. त्याआधी मोठमोठ्या वह्यांत नावे लिहिली जात. वाटेतल्या स्थानकाला ठरावीक कोटा असे आणि पुढच्या प्रवासाचे आरक्षण तारेने मागवावे लागे. ‘तार गेली आहे, उत्तर नाही’ हे वाक्य तेव्हाच्या प्रवाशांच्या तोंडी कायम होते. आयआरसीटीसी १९९९ मध्ये स्थापन झाली आणि ३ ऑगस्ट २००२ पासून इंटरनेटवर तिकीट मिळू लागले. पण पहिली तीन वर्षे ते तिकीट कागदाचेच होते, कुरियरने घरी यायचे. म्हणजे लिस्टरमधल्या माणसाने लिस्टरमध्ये बसून तिकीट काढले तरी ते पोचायचे नागपूरच्या भावाकडे. २००५ मध्ये ई-तिकीट आले आणि भावाची ती कामगिरी संपली.

पूर्ण संपली म्हणता येणार नाही. खाते उघडायला भारतीय मोबाइल क्रमांक लागे, ओटीपी त्यावरच येई. परदेशी पाहुण्यांनी पासपोर्टची प्रत ईमेलने पाठवून खाते सुरू करून घ्यायचे, असे काही वर्षे चालले. बहुतेक परदेशस्थ मराठी माणसे सरळ पुण्या-नागपूरच्या भाच्याला फोन करत. भाचा तिकीट काढायचा, पीएनआर व्हॉट्सअॅपवर धाडायचा. २०१६ च्या सुमारास परदेशी क्रमांकावर थोडे शुल्क भरून नोंदणी होऊ लागली. २०१७ पासून निवडक गाड्यांत परदेशी पर्यटकांना ३६५ दिवस आधी आरक्षण करता येते. इतरांसाठी ही मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० वरून ६० दिवसांवर आली. रामनवमीच्या यात्रेला यायचे तर हा फरक मोठा आहे : परदेशी पासपोर्टवाला वर्षभर आधी जागा राखू शकतो, पण त्याच घरातली भारतीय पासपोर्टची आजी रथसप्तमीच्या आसपास संगणकापुढे बसलेली असते. तत्काळवर तर विसंबूच नये. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळलेले खाते लागते.

ही सगळी खटपट करून तिकीट निघते ते कुठवर? मुंबई किंवा हावड्याकडून येणाऱ्याला अकोला सोयीचे. दक्षिणेकडून येणाऱ्याला वाशीम. पूर्णा-हिंगोली लाइन निजामाच्या काळातली, मीटरगेज. अकोल्यापर्यंत ती पुढे नेली स्वातंत्र्यानंतर आणि २००८ च्या सुमारास ब्रॉडगेज झाली, म्हणून हैदराबादच्या बाजूचे भाविक आता वाशीमला उतरू शकतात. पंजाब, कॅनडा, इंग्लंडहून हुजूर साहिबला येणाऱ्या शीख यात्रेकरूंमुळे नांदेड स्थानकाला परदेशी प्रवासी नवे नाहीत. त्या वाटेनेही पुसदवरून येता येते. यापैकी कुठल्याही स्थानकावरून पुढे एसटी किंवा भाड्याची जीप. यात्रेच्या दिवसांत जादा एसटी सुटतात, उभे राहण्याची तयारी ठेवावी.

या भागाला रेल्वे पुन्हा मिळण्याची खरी आशा वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गावर आहे. हा मार्ग यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद करत नांदेडला जाणार आहे, म्हणजे बराचसा शकुंतलेच्या आणि उखडलेल्या पुसद फाट्याच्याच मुलखातून. वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक हे राज्याचे दोन मुख्यमंत्री पुसदच्या मातीतले. त्या मातीत रेल्वेला इतका उशीर व्हावा, हे या भागातल्या लोकांना अजून खटकते आणि त्यांचे खटकणे रास्त आहे.

दिग्रसला स्थानक होईल तेव्हा रेल्वेने एक छोटे काम करावे. जुन्या वेळापत्रकांत स्थानकाच्या नावापुढे जवळच्या तीर्थाचे नाव छापलेले असायचे, इथे उतरा म्हणून. तसे दिग्रसच्या नावापुढे ‘पोहरादेवीसाठी’ हे शब्द वेळापत्रकात, फलाटाच्या पाटीवर आणि आरक्षणाच्या संकेतस्थळावरच्या शोधातही यावेत. हैदराबादहून येणारी म्हातारी आणि टोरांटोहून येणारा तिचा नातू, दोघांनाही दिग्रस हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पोहरादेवी मात्र दोघांना ठाऊक आहे.